सोयीच्या झेंड्यास, हिवरखेडहून

रा. रा. सोयीचे झेंडेसाहेब,


हिवरखेड कुठं आलं, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तेल्हारा तालुका, अकोला जिल्हा, पाठीशी सातपुडा. खारं पाणी बघायचं तर आम्ही पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीत डोकावतो. तरी आमच्या गल्लीतलं एक पोरगं तुमच्या सावलीतल्या एका जहाजावर नोकरीला आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

पाच महिने पगार नाही. मालक एका देशात, कंपनी दुसऱ्या, झेंडा तिसऱ्याचा आणि जहाज चौथ्याच्याच बंदराबाहेर नांगरलेलं. त्याच्या बापानं मला विचारलं, "काऊन गा, त्या जहाजाचं ठाणं कोणतं हाय?"

काय सांगू? आमच्या फटफटीला एमएच-30 ची पाटी नसली तर चौकातच शिटी वाजते. तुमच्याकडं मात्र पाटी भाड्यानं मिळते: मालक कुठलाही असो, सोयीच्या देशात जहाज नोंदवायचं आणि त्याचा झेंडा लावायचा. 1982 च्या आंतरराष्ट्रीय समुद्री कायद्याचं कलम 91 म्हणतं, जहाज आणि झेंड्याचा देश यांत ‘खरा संबंध’ हवा. खरा म्हणजे कसा, ते लिहायचं राहिलं. इतकं मोघम आम्ही सोयरीक जुळवतानाही बोलत नाही!

मार्शल बेटांवर 2021 च्या जनगणनेत माणसं सुमारे 42 हजार, पण जहाजांच्या नोंदणीत जगातल्या पहिल्या काही देशांत नाव. त्या नोंदणीचं काम चालतं अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून. बेटांना मी नावं ठेवणार नाही. समुद्र अंगणात शिरतोय, तर गरिबानं नाव भाड्यानं दिलं. पण मंगोलिया? त्याला आमच्यासारखाच किनारा नाही, तरी 2003 पासून जहाजं नोंदवतो, सिंगापुरात बसून. म्हणजे हिवरखेडलाही वाव आहे. बाजाराच्या दिवशी एक टेबल टाकू.

मुंबईकरांना तुमची ओळख 2011 मध्ये पटली. ओमानजवळ खलाशांनी सोडलेलं ‘पवित’ हे जहाज महिनाभर एकटंच वाहत 31 जुलैला जुहूच्या वाळूत येऊन बसलं. 26/11 नंतर उभारलेल्या पहाऱ्याला ते दिसलंच नाही. चारच दिवसांनी 60 हजार टन कोळसा घेऊन ‘राक कॅरियर’ मुंबईजवळ बुडालं. दोघांवर झेंडा पनामाचा. हरित लवादानं ‘राक’ प्रकरणी 100 कोटींची भरपाई सुनावली ती 2016 मध्ये. तोवर पाच पावसाळे गेले.

आता कामाचं. सागरी कामगार कराराचा 2017 पासून लागू असलेला नियम पोरानं वाचलाय. दोन महिने पगार थकला की खलाशी वाऱ्यावर सोडला असं धरतात, आणि चार महिन्यांपर्यंतची थकबाकी विम्यातून देतात. त्या विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल असं लावावं लागतं. पोरानं सगळ्या भिंती पाहिल्या. त्याला मागच्या वर्षीचं कॅलेंडर सापडलं.

तेव्हा चार महिन्यांचे पैसे विम्यातून द्या, पाचव्याचे मालकाच्या खिशातून काढा. मृगाच्या आत पाठवा, बियाणं घ्यायचं आहे.

आपला,
किनारा नसलेला एक हिवरखेडकर