पाचशे वीस रुपयांचे श्रीमंत

सुरतच्या कपडा बाजारात कुणालाही धंद्याचं विचारा, उत्तर एकच येतं: ‘मंदी छे.’ दिवाळीआधी रिंग रोडवर पाय ठेवायला जागा नसते, टेम्पोवर गाठींचे डोंगर चढलेले असतात, आणि गादीवर बसलेला शेठ नोटा मोजता मोजता दुःखाने मान हलवून सांगतो, ‘मंदी छे.’ तेजी कबूल करणं इथे अपशकुनी मानतात. शिवाय समोरचा उधार मागेल ही भीती वेगळीच.

मी पालिकेच्या मराठी शाळेत मास्तर. आम्हाला तेजी नाही, मंदी नाही, फक्त पगार आहे. त्यामुळे उधना, लिंबायत, डिंडोलीत पसरलेल्या आमच्या खानदेशी गोतावळ्यात कुठलाही सरकारी कागद आला की तो आधी माझ्याकडे येतो. प्रत्येक अर्जात ‘उत्पन्न’ नावाची एक चौकट असते, आणि ती पेन न थांबवता भरू शकणारा नात्यात मी एकटाच.

आमचे दाजी साड्यांचे दलाल. माल सुरतचा, पार्टी पाटण्याची नाहीतर नागपूरची, आणि मधल्या हजार किलोमीटरच्या भरवशावर दाजींची शेकड्याला दीड-दोन रुपये दलाली. तीही माल गेल्यावर मिळत नाही, पार्टीचं पेमेंट आल्यावर मिळते. धारा, म्हणजे पेमेंटची मुदत, नव्वद दिवसांचा ठरतो आणि पार्टी तो दिवाळीपासून मोजायचा की होळीपासून, हे स्वतःच्या सोयीने ठरवते. लगनसराईत दाजी फोनवरून खाली उतरत नाहीत. दिवाळीनंतर बाजार लाभपाचमपर्यंत बंद, डिसेंबरच्या मध्याला अशुभ कमुरता लागला की उत्तरायणापर्यंत गिऱ्हाईक नाही, आणि श्रावणात पार्टी विकलेला मालच परत पाठवते. माल परत आला की दलालीही परत. म्हणजे काही महिन्यांत दाजींचं उत्पन्न शून्याच्याही खाली असतं. त्यासाठी अर्जात चौकट नाही.

तसं म्हटलं तर दाजींना उत्पन्न एक नाही, तीन आहेत. एक बँकेला दाखवायचं, एक दाखल्यासाठी सांगायचं आणि एक सोयरिकीच्या बैठकीत हळूच कानावर पडू द्यायचं. हे तीन आकडे एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. गुजरातेत ‘आवकनो दाखलो’ तीन वर्षं चालतो. माणसाची आवक तीन वर्षं जागची हलत नाही, असा विश्वास सरकारने ज्या शहरावर टाकलाय, तिथे ती तीन आठवडे टिकली तरी लोक पेढे वाटतील. बरोबर आकडा सांगायची दाजींची तयारी असते. फक्त तो कुठल्या दिवशीचा, हे आधी सांगा म्हणतात.

असे हे दाजी शेतकरीही आहेत. तापी जिकडून वाहत येते तिकडे गावाकडे पावणेदोन एकर कोरडवाहू आहे आणि सातबाऱ्यावर नाव आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पीएम-किसान योजना सुरू झाली. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. तलाठ्याकडे कागद गेले, हप्ता खात्यात आला, आणि दाजींना आयुष्यात पहिल्यांदा ठरलेली रक्कम मिळाली. कुणाला फोन नाही, तगादा नाही. ‘पाहुणे,’ ते मला म्हणाले, ‘तुम्ही लोक इतकी वर्षं हेच खात होते होय!’

आता जरा मागे, जुलै २०१७ मध्ये या. जीएसटीच्या विरोधात सुरतच्या कपडा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवला होता. तेव्हापासून दोन पार्ट्यांकडे अडकलेली दलाली २०१८-१९ मध्ये एकदम सुटली. त्यात ताईला भाड्याच्या घराचा कंटाळा आलेला. घराच्या कर्जासाठी बँकेने रिटर्न मागितलं, आणि दाजींनी त्या वर्षीचं उत्पन्न अभिमानाने लिहिलं: तीन लाख दहा हजार. तेव्हा अडीच लाखांपर्यंत कर नव्हता. वरच्या साठ हजारांवर पाच टक्के म्हणजे तीन हजार. त्यातून सूट अडीच हजारांची. उरले पाचशे, त्यावर वीस रुपये सेस. दाजींनी पाचशे वीस रुपये आयकर भरला. चलनाची प्रत लॅमिनेट करायची म्हणत होते.

पीएम-किसानच्या नियमात एक ओळ आहे: मागच्या कर निर्धारण वर्षात आयकर भरलेला असेल तर लाभ नाही. किती भरला, याला महत्त्व नाही.

२०२० उजाडलं. मार्चच्या शेवटी बाजाराची शटर पडली, पार्ट्यांचे फोन बंद झाले, आणि अर्धा डिंडोली मिळेल त्या वाहनाने तापीच्या काठाकाठाने गावाकडे निघाला. दाजींचं उत्पन्न शून्यावर आलं. या वेळी ते बँकेलाही तसंच सांगत होते. दिवाळीच्या सुमारास गावाहून चुलतभावाने व्हॉट्सअॅपवर एका कागदाचा फोटो पाठवला. आपण आयकरदाते असल्याने योजनेस अपात्र आहात, सबब सहा हप्त्यांचे बारा हजार रुपये परत जमा करावेत.

‘पण मी आता कुठे श्रीमंत आहे?’ दाजींनी विचारलं.

‘आता नाही, दाजी. तेव्हा होतात.’

‘मग तेव्हा सांगायचं होतं ना! तेव्हा मी दिले असते.’

यावर मास्तराकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना धीर दिला की ते एकटे नाहीत. पुढे जुलै २०२१ मध्ये संसदेतच सांगण्यात आलं की अशा ४२ लाखांहून अधिक अपात्रांकडून सुमारे ३ हजार कोटी वसूल करायचे आहेत. आकडा ऐकून दाजींना खरंच बरं वाटलं. इतकी मोठी पार्टी बुडीत निघालेली त्यांनी बाजारातही पाहिली नव्हती.

मग मी त्यांना ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगितली. तिथे बेकारभत्ता घेणाऱ्याला दर पंधरवड्याचं उत्पन्न कळवावं लागतं. काही वर्षांपूर्वी सरकारने कॉम्प्युटर लावला. त्याने माणसाचं वर्षाचं उत्पन्न घेतलं, त्याला सव्वीस पंधरवड्यांनी भागलं आणि जो सहा महिने कामाला आणि सहा महिने घरी होता, त्याला सांगितलं की तू बाराही महिने कमावत होतास, भत्ता परत कर. चार लाखांहून अधिक लोकांवर असं खोटं कर्ज चढलं. हे बेकायदा होतं हे सिद्ध झालं, सरकारला पैसे परत करावे लागले, चौकशी आयोग बसला आणि २०२३ मध्ये त्याचा अहवालही आला. दाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘पण त्यांनी भागलं तरी,’ ते म्हणाले. ‘आपल्याकडे तेवढंही कुणी करत नाही.’

विलायतेत तर आजारी माणसाची सेवा करणाऱ्याने आठवड्याच्या मर्यादेपेक्षा एक पौंड जास्त कमावला की त्या आठवड्याचा अख्खा भत्ता जातो. हे मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तिथेही कुणीतरी पाचशे वीस भरतंच. ताईचं दुःख वेगळं आहे. गावाकडच्या तिच्या दोन्ही जावांना २०२४ पासून लाडकी बहीण म्हणून दीड हजार महिना मिळू लागला. योजना महाराष्ट्रात राहणाऱ्या बहिणींची, ही राहते डिंडोलीत. पुढच्या वर्षी पडताळणीत २६ लाखांवर नावांचा लाभ थांबवला, त्यात मोठ्या जावेचं नाव निघालं, तेव्हा ताईने तिला सांत्वनाचा फोन केला. तो बराच वेळ चालला आणि ताईचा आवाज जरा जास्तच प्रसन्न होता.

बारा हजार दाजींनी भरले. एकदम नाही. मी सुचवलेल्या अर्जानुसार तर नाहीच. त्यांनी आपल्या धंद्याच्या रीतीने गावच्या कचेरीत धारा मागून पाहिला, नव्वद दिवसांचा. समोरच्याने आधी पावतीपुस्तक मिटलं, मग हसला. शेवटी ताईच्या डब्यातून पैसे निघाले, आणि त्या व्यवहारावर ताईने जे व्याज लावलं त्याची माहिती कुठल्याही आयोगापुढे येणार नाही.

पुढची वर्षं साधी गेल्याने दाजी पुन्हा पात्र झाले. २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य झाला, त्या रात्री दाजी पेढे घेऊन आले. सुरतला कितीही तेजी आली तरी ओलांडता येणार नाही अशी मर्यादा सरकारने प्रथमच घातली, म्हणाले.

आता भाच्याचं लग्न करायचंय. बायोडेटा अर्थातच माझ्याकडे आला. ‘कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न’ ही चौकट रिकामी होती. दाजींनी बराच विचार केला.

‘बारा लिहा.’

‘बाराच्या वर गेलं तर कर लागतो, दाजी,’ मी म्हटलं. ‘आणि हप्ता बंद.’

आतून ताई ओरडली, ‘अरे, अकरा लाख नव्व्याण्णव लिही!’