कोठ्यातली स्पोर्ट्स कार : गंज काढण्याची नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

सर्वप्रथम गाडी हवी. यवतमाळ जिल्ह्यात जुनी स्पोर्ट्स कार शोधायला निघालात तर जाहिराती वाचत बसू नका, गुरांचे कोठे बघा. बैल विकले, ट्रॅक्टर आला, कोठा रिकामा झाला आणि आजोबांची गाडी आत ढकलली गेली, हा क्रम दारव्हा-दिग्रसपासून वणी-मारेगावपर्यंत सगळीकडे सारखाच. आत बहुतेक वेळा ॲम्बेसेडर निघते, नाहीतर पद्मिनी. तिलाच स्पोर्ट्स कार म्हणायची तयारी असेल तर तुम्हाला मार्गदर्शनाची गरज नाही, तुमचं कुठेही अडणार नाही. नशीब जोरावर असेल तर मात्र स्टँडर्ड हेराल्ड निघते. दोन दारं, बसका बांधा आणि मागच्या बाजूला परदेशी फॅशनचे जरासे पंख. 1961 पासून ही मद्रासला बनत होती. आरेखन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचं. याच गाडीची शॅसी आखूड करून इंग्लंडात 1962 साली ट्रायम्फ स्पिटफायर निघाली आणि ती मात्र अस्सल स्पोर्ट्स कार. म्हणजे आपली हेराल्ड ही स्पोर्ट्स कारची थोरली बहीण. कोणी हसलं तर हे नातं सांगायचं. लग्नकार्यात याहून लांबची नाती लोक सांगतात.

(गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म कुणाकडे असेल तर त्यांनी आपला वेळ घालवू नये. तिची बॉडी फायबरग्लासची, ती गंजतच नाही. अशा माणसांशी आपलं काय बोलणं?)

नवशिक्यासाठी हेराल्ड उत्तम, कारण तिची बॉडी तुकड्या-तुकड्यांनी शॅसीवर बोल्टने कसलेली आहे. हा काही दूरदृष्टीचा प्रकार नव्हता. अख्खी बॉडी एकसंध ठोकून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला, म्हणून इंग्लंडातल्या मूळ कंपनीने वेगवेगळ्या ठिकाणी भाग बनवून ते जोडायचं ठरवलं. अडचणीतून काढलेली ही वाट आता तुमच्या कामाला येते. बॉनेट मडगार्डांसकट एका तुकड्यात पुढे कलतं. दाराखालची पट्टी बोल्टवर. छतसुद्धा बोल्टवर, काढलंत की उघडी गाडी तयार. मे महिन्यात काढू नका. पद्मिनीचं असं नाही. तिची बॉडी हीच तिची शॅसी, त्यामुळे दाराखालचा पत्रा आधार न देता कापला की गाडी मधोमध बसते आणि दार पुन्हा लागायचं नाव घेत नाही.

आता गंज शोधायचा. रंगावर जिथे फोड दिसेल तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवा आणि जरा दाबा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. फोड दिसतो तेव्हा पत्र्याचं काम आतून कधीच उरकलेलं असतं. वर चवन्नीएवढा फोड असेल तर खाली भाकरीएवढं भोक धरून चाला. दाबताना ‘खर्र’ आवाज आला तर गंज आहे. ‘ठक्क’ आवाज आला तर पत्रा आहे. काहीच आवाज न येता स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, तर तो सावकाश बाहेर काढा आणि घरच्यांना सध्या काही सांगू नका.

पुढची परीक्षा लोहचुंबकाची. जुन्या स्पीकरमधलं चुंबक कापडात गुंडाळून बॉडीवरून फिरवा. चिकटेल तिथे लोखंड, घसरेल तिथे पुट्टी. जुन्या गाडीवर ते ज्या मोकळेपणाने घसरत जातं ते बघण्यासारखं असतं. आता ती पुट्टी खरवडायला घ्या. हे उत्खनन आहे, घाई नको. सगळ्यात वर अलीकडचा रंग, खाली त्याच्या आधीचा, त्याखाली करड्या पुट्टीचा बोटभर थर. पुट्टीत एमसीलचा गोळा, गोळ्याखाली बारदानाचा तुकडा आणि तळाशी चार रिव्हेटांनी ठोकून बसवलेला, चपटा केलेला डालडाचा डबा. डब्याची आतली बाजू अजून चकचकीत, कारण कथिलाचा मुलामा आहे. ज्या मिस्त्रीने तो बसवला त्याच्याबद्दल वाईट बोलू नये. गाडी चालू ठेवणं हे त्याचं काम होतं आणि त्याने ते केलं. तो डबा जपून ठेवा, गाडीतला सगळ्यात शाबूत पत्रा तोच आहे.

मुंबईची गाडी खाऱ्या वाऱ्याने गंजते. यवतमाळला समुद्र नाही, म्हणून इथली गाडी कोरडी ठणठणीत असेल असं पुण्यामुंबईचे जाणकार सांगतात. त्यांनी आपला कोठा पाहिलेला नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरं बांधली त्या जमिनीत गोमूत्राचे क्षार मुरलेले असतात आणि पावसाळ्यात ती जमीन खालून गाडीच्या फ्लोअरला ओल देते. डिकीत दहा-सव्वीस-सव्वीस खताचं पोतं कधीतरी फाटलेलं असतंच. खत हवेतली ओल ओढून घेतं आणि त्यातल्या पोटॅशबरोबर बहुधा क्लोराइड येतं, म्हणजे समुद्र पोत्यातून घरपोच. उरलेलं काम काळी माती करते. मडगार्डच्या आत जाऊन बसलेला चिखल वरून वाळला तरी पोटात दिवाळीपर्यंत ओला राहतो. म्हणून कुठलंही हत्यार हाती घेण्याआधी पाण्याचा पाइप घ्या आणि चारही मडगार्ड आतून धुऊन काढा. निघालेल्या मातीत एखादं झाड सहज लावता येईल.

मुहूर्ताचं जरा सविस्तर सांगतो, कारण पुस्तकं हे प्रकरण गाळतात. पुट्टीत हार्डनर साधारण शेकडा दोन मिसळायचा आणि ती लावायला काही मिनिटं मिळतात, असं डब्यावर लिहिलेलं असतं. डब्यावर लिहिणारा माणूस मे महिन्यात यवतमाळला आलेला नसतो. 45 अंशांत पुट्टी पत्र्यावर पोचायच्या आत पात्यावरच दगड होते आणि स्प्रे गनमधला रंग गाडीपर्यंत जाता-जाता वाळून भुरभुरीत पडतो. जुलैत उलट. हवेत इतकी ओल की एनसी रंग वाळताना पांढरा पडतो आणि काल उघडा केलेला पत्रा सकाळी नारिंगी दिसतो. ऑक्टोबरमध्ये कापूस वेचणी सुरू झाली की हाताखाली माणूस मिळत नाही. गाडीवर पाणी मारायलाही नाही आणि मिळू नयेच, आधी पांढरं सोनं. राहिला डिसेंबर-जानेवारी. त्यात लग्नसराई. ती आटोपून जे चार दिवस उरतील ते पत्राकामाचे.

कापणे हा या शास्त्राचा गाभा आहे आणि नवशिक्या तिथेच कच खातो. त्याला रंगवायचं असतं. रंगाच्या दुकानातून तो आधी शेड-कार्ड घेऊन येतो, ग्राइंडर आणायचा राहतो. गंजलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि वर बोटभर जास्त कापायचा, याला पर्याय नाही. बॅटरीची तार आधी काढा. पेट्रोलची टाकीही काढा. हेराल्डमध्ये ती डिकीतच आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, आत वाफ असते. ‘रिकामीच तर हाये’ म्हणणाऱ्याला कोठ्याबाहेर बसवा.

बाहेर बसणारे येतीलच. ग्राइंडरचा आवाज आळीत गेला की पाच मिनिटांत पहिले काका हजर होतात.

“काय करून राह्यले भाऊ?”

“पत्रा कापतोय काका.”

“काऊन? चांगला होता ना.”

यावर उत्तर देऊ नका. दुसरे येतील ते म्हणतील, भंगारात घाला, लोखंडाला भाव आहे. तिसऱ्यांच्या मेव्हण्याकडे डिट्टो अशीच गाडी असते आणि ती ‘आताही स्टार्ट होते.’ ती बघायला जाऊ नका, ती पद्मिनी असते. या मंडळींना चहा द्यावाच लागतो, पण चहासोबत वॉटर पेपरचा एकेक तुकडाही द्यावा. बोलता-बोलता माणूस काहीतरी घासत राहतो.

वेल्डिंगला घरावरचा उरलेला टिनपत्रा वापरण्याचा मोह आवरा. त्यावर जस्त असतं. जाळलं की पांढरा धूर निघतो आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो. डॉक्टर मलेरियाची तपासणी लिहून देतात. साधा वीस गेजचा सीआर पत्रा आणा. शेताच्या फाटकाला वापरतात ते आर्क वेल्डिंग इतक्या पातळ पत्र्याला लावलं तर भोक बुजवण्याऐवजी वाढवतं. ‘सीओटू’वाला मिस्त्री गाठा आणि त्याला सलग रेघ ओढू देऊ नका. एक टाका इथे, दुसरा समोरच्या कडेला, मग थांबा. सलग ओढलं की उष्णतेने पत्रा लाटांसारखा उठतो आणि त्या लाटा सपाट करायला पुन्हा पुट्टीच लागते. शेतीची वीज पाळीपाळीने येते हे लक्षात ठेवून वेळ ठरवा. रात्रीची पाळी असेल तर मिस्त्री तुमच्याकडे येणार नाही, तो स्वतःच्या ओलिताला गेलेला असेल.

बिजागऱ्या, ब्रॅकेट असले छोटे भाग घासत बसू नका. मळीच्या पाण्यात, एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी, ते दोन-तीन आठवडे बुडवून ठेवले तर गंज आपोआप सुटतो आणि चांगलं लोखंड तसंच राहतं. मळी मिळवायला उसाचा पट्टा गाठावा लागेल, म्हणजे उमरखेड-पुसदची बाजू. पण मळीवर उत्पादन शुल्क खात्याची नजर असते, कारण तिच्यापासून दुसरंही काही बनतं. बिजागरीसाठी हवी आहे हे तिथे कुणालाही पटणार नाही. त्यापेक्षा धुण्याचा सोडा पाण्यात टाका, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजक्या भागाला, धन तार टाकाऊ लोखंडी सळईला जोडा आणि रात्रभर सोडा. धन बाजूला स्टीलचं ताट वापरू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूप घेऊन पाण्यात उतरतं. आणि ताट आईचं असतं. हवेशीर जागेत करा, यातून हायड्रोजन निघतो. बिडी ओढणारे काका आधीच बाहेर बसवलेले आहेत.

पुट्टी लावा, पण तीन मिलिमीटरच्या वर नाही. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा. पहिला हात नीट बसला की हाताला चटक लागते आणि माणूस मूर्तिकार होतो.

रंगाची शेड जुळवायला डिकीच्या झाकणाच्या आतला तुकडा दुकानात न्या. दुकानदार डोळ्याने बघून तीन डबे मिसळतो आणि ते जुळतं, कसं ते विचारू नका. हार्डनर घालून मारायच्या रंगाला आयसोसायनेटसाठीचा खरा मास्क लागतो. उन्हात बांधतो तो दुपट्टा म्हणजे मास्क नव्हे. 2017 च्या हंगामात कपाशीवर कीटकनाशक फवारताना या जिल्ह्यात विषबाधेने माणसं दगावली. तेव्हा या एका मुद्द्यावर इथे गंमत नाही. मास्क नसेल तर रंग गॅरेजवाल्याकडून मारून घ्या.

शेवटी आरटीओ. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पहिल्या नोंदणीची फी 20,000 रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मूळ रूप म्हणजे किती पत्रा मूळचा, हा प्रश्न साहेबांनी विचारलाच तर डालडाचा डबा दाखवू नका. अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्तीला नेणे आणि तांत्रिक संशोधन यांना परवानगी आहे. हेराल्डवाल्याला यात काही अडचण येऊ नये. पेट्रोल आणि दुरुस्ती यांत आठवडा संपतोच आणि आर्णी रोडला टपरीवर चहाला थांबलात तर ते तांत्रिक संशोधन. फक्त बॉनेट उघडं ठेवा.