वासाचे जमादार

सोयाबीनच्या सुड्या उभ्या राहिल्या की हिंगोली जिल्ह्यातल्या ठाण्यांत एका माणसाचा भाव वधारतो : मुद्देमालाचे जमादार. धुऱ्याच्या भांडणात रात्रीतून कुणाची तरी सुडी पेटते, दुपारपर्यंत संशयिताचा सदरा ठाण्यात येतो आणि जमादार चष्मा कपाळावर चढवून नाक पुढे करतात.

तोवर नव्या शिपायाने सदरा कॅरीबॅगेत कोंबलेला असतो. "काय करायलास रे? ह्या पन्नीतून पेट्रोल उडून जातं. नांदेडच्या लॅबला काय नुसतं कापड धाडायचं?"

मग घट्ट झाकणाची काचेची बरणी निघते. ती घरच्या लोणच्याची, असा ठाण्यात प्रवाद आहे. जमादार मात्र ती कोरी असल्याचं पंचांच्या नाकाखाली धरून दाखवतात. फिर्यादीचे आणि आरोपीचे कपडे ते एका टेबलावरसुद्धा येऊ देत नाहीत. याचा वास त्याला लागला की वकिलाची दिवाळी! लाख वितळवायला काडी ओढताना मात्र बरणी आधी शिपायाकडे देतात आणि त्याला व्हरांड्यात उभं करतात.

१ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी जागेवर यावं, असं त्यात लिहिलंय. हातमोजे घातलेली पोरं व्हॅनमधून उतरली तेव्हा जमादारांचा चेहरा पाहण्यासारखा होता. कापडातली वाफ मशिनमध्ये सोडली की तिचे घटक वेगळे होतात आणि कागदावर आलेख उमटतो, हे त्यांनी मान डोलवत ऐकून घेतलं.

"मशिनला पेट्रोल कळतं हो. शेतकरी कळतो का? फवारणीचा पंप पेट्रोलवर, इंजिन डिझेलवर. फवारायच्या कितीतरी औषधांतसुद्धा तेलाचंच द्रावण. कपड्याला वास आला म्हणून धरायचं, तर अख्खा सेनगाव तालुका आत टाका!"

यात ते शंभर टक्के बरोबर आहेत, आणि म्हणूनच त्यांच्याशेजारी बसवत नाही.

परवा भाचीच्या लग्नासाठी जमादारीणबाईंची पैठणी पेट्रोल वॉशहून आली. जमादारांनी पदर नाकाशी नेला, डोळे मिटले. "पेट्रोलच. दोन दिवसांपूर्वीचं."

"लाँड्रीवाल्याचे तीनशे द्यायचेत," बाई म्हणाल्या, "त्याचा नाही का वास आला तुम्हाला?"