माळ्याचा सध्याचा वापर

आंजर्ल्याच्या आमच्या घरात माळ्यावर ताठ उभं राहायला एकच जागा आहे, आढ्याच्या बरोबर खाली. तिथून दोन पावलं कुठेही सरकलं की वासे नमस्कार करायला लावतात. याच माळ्याची खोली करायची, हंगामात पाहुणे ठेवायचे आणि घराने निदान आपल्या कौलांचा खर्च आपणच काढायचा, असा बेत गेल्या मे महिन्यात ठरला. बेत ठरायला एक संध्याकाळ पुरली.

नकाशासाठी दापोलीहून इंजिनिअर आला. टेप लावून म्हणाला, "राहत्या खोलीला उंची पावणेतीन मीटर लागते. उतरतं छप्पर असेल तर सरासरी पावणेतीन, आणि अगदी कडेला २.१ मीटर." आमच्या माळ्याची कड गुडघ्याला लागते. "पोटमाळाच ठेवलात तर दीड मीटरपर्यंत चालतो, पण मग तिथे सामान राहायचं, माणूस नाही."

"मग ह्यांनी एसएससीचा अभ्यास वर बसून केला, ते सामानात धरायचं का?" काकूने विचारलं. इंजिनिअर नवा होता. हसला नाही.

भिंती चढवून छप्पर उचलावं, तर समुद्र आडवा येतो. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या जमिनीला सीआरझेडचे नियम. २०१९ च्या अधिसूचनेने स्थानिकांना घरात पाहुणे ठेवायला मोकळीक दिली आहे, पण जोतं, रचना आणि दर्शनी भाग जसाच्या तसा राहिला पाहिजे. थोडक्यात, पाहुणा खुशाल ठेवा, फक्त तो आलाय हे घराला बाहेरून कळता कामा नये. माळ्याला समुद्राकडची खिडकी पाडायचं माझं स्वप्न तिथेच मिटलं.

तसा समुद्रापासून अंतर राखायचा नियम आमच्या गावात सर्वांत आधी पाळला तो गणपतीने. त्याचं देऊळ पूर्वी किनाऱ्यावर होतं, समुद्र पुढे सरकू लागला तसा तो वर कड्यावर जाऊन बसला, आणि जाताना पाऊल टेकलं त्याची खूण खडकावर आहे, असं सांगतात. उलट कासवीण. ती हिवाळ्यात रात्रीची येते, भरतीरेषेलगत वाळूत खड्डा खणते, शंभरभर अंडी ठेवते आणि नकाशा, घरपट्टी, कशाचाच विचार न करता परत जाते. गावातले कासवमित्र पुढे दीड-दोन महिने तिच्या बांधकामाची राखण करतात.

ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचा तर आधी सहहिस्सेदारांची संमती हवी. घर अजून पणजोबांच्या नावावर, हिस्सेदार अकरा, बोरिवलीपासून बडोद्यापर्यंत पसरलेले. इथे वर्षभर घोडं अडणार याची मला खात्री होती. पण पंधरा दिवसांत अकराही संमतीपत्रं आली. प्रत्येकाच्या सहीखाली फक्त एकेक ओळ जास्तीची होती. 'वरचा पाळणा हलवू नये.' 'मोठं घंगाळ माझ्या वाटणीचं आहे, ते तिथेच ठेवावं.' 'अण्णांची ट्रंक उघडू नये.' मखराच्या फळ्यांवर तर तिघांचा हक्क निघाला.

मला आठवलं, ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची कौलं उडाली, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, आणि माळ्याने जन्मात पहिल्यांदा आभाळ पाहिलं. त्या पावसात आम्ही सगळं सामान माजघरात उतरवलं. टाकून द्यायला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. पण कौलं चढली तशी मोडकी रोवळी, बिनकाट्याचं घड्याळ, एका पायाची खडाव, सगळं पुसून, वाळवून पुन्हा वर गेलं. प्रत्येक वस्तूपाशी कुणीतरी थांबे, ती हातात घेऊन उलटीसुलटी करी, आणि तेच दोन शब्द म्हणून वर देई.

परवा अर्ज भरायला बसलो. नाव, घर नंबर, क्षेत्रफळ झालं. पुढच्या रकान्यात माळ्याचा सध्याचा वापर विचारला होता. पेन अडलं. काकू ओटीवर सुपारी कातरत होती.

"काकू, माळ्याचा वापर काय लिहू?"

तिने वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "लिही, 'असू दे'."