पक्षी सोडून बाकी सगळे

पक्षिनिरीक्षकाचा मुख्य छंद पक्षी पाहणे हा असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती नुसत्या घड्याळाच्या हिशेबानेही टिकत नाही. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालेल्या रस्त्यावर मुर्धे आणि राई ही गावे मागे पडली की मोरवा लागतो. या टापूत खाजणे, तिवरे आणि मिठागरे आहेत. हिवाळ्यातल्या रविवारी पहाटे इथल्या बांधांवर हा इसम हमखास आढळतो. डोक्यावर शेवाळी टोपी, अंगात बारा खिशांचे जाकीट, गळ्यात दुर्बीण आणि पाठीवर फुगलेली पिशवी. पिशवीत जे असते त्यातल्या बहुतेक वस्तूंचा पक्ष्यांशी काहीही संबंध नसतो.

याचे मूळ भरती-ओहोटीत आहे. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि तुतवार, चिखले, शेकाटे त्यात चरायला लांबवर पांगतात. भरतीने चिखल बुडाला की ते मिठागरांच्या कोंड्यांत आणि बांधांवर विसाव्याला येतात. नीट पाहता येईल असा वेळ तेवढाच. शिवाय भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, रविवार मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे पहाटे साडेपाचला उठून आलेल्या माणसाला पुष्कळदा दहा वाजेपर्यंत पाण्याची वाट पाहत बसावे लागते. त्या चार तासांत उपछंद जन्माला येतात.

प्रत्येक उपछंद घरात शिरतो तो पक्ष्यांचे नाव सांगून. हा नियम इतका पक्का आहे की त्याला अपवाद सापडलेला नाही. भरतीचेच पाहा. तिची वेळ कळायला हवी, हे कोणीही मान्य करील. किनाऱ्यावरच्या लोकांचा आडाखा असा की तिथीला पाऊणने गुणावे, भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठच्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. निरीक्षक एक पंचांग विकत घेतो. मग दुसरे, पडताळ्यासाठी. मग गेल्या वर्षीचे, तुलनेसाठी. पाऊणने गुणताना त्याला जुन्या शाळेतली पाऊणकी आठवते. पाऊणकीवरून निमकी, सवायकी, दिडकी निघतात आणि लवकरच तो रद्दीवाल्याकडे जुन्या अंकलिप्या शोधत उभा असलेला दिसतो. वर्षभरात अंकलिप्यांचा गठ्ठा तयार होतो. गावातला म्हातारा आगरी मात्र पंचांग न उघडता, नुसते उघाडीतल्या, म्हणजे खाडीचे पाणी आत घेण्याच्या दारातल्या, पाण्याकडे पाहून, भरतीला किती अवकाश आहे ते सांगतो. त्याच्याकडे संग्रह नसतो.

दुर्बिणींचा उपछंद फार चर्चिला गेला आहे, म्हणून थोडक्यात. दुर्बिणीवर ८×४२ लिहिलेले असते तेव्हा पहिला आकडा ती किती पट मोठे दाखवते तो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. एवढे कळायला एक दुर्बीण पुरते. चोरबाजारातली जुनी पितळी दुर्बीण, जिच्यातून आता काहीच दिसत नाही, ती घेण्याचे कारण निरीक्षकाला नीट सांगता येत नाही. ‘सहज मिळाली’ एवढेच तो म्हणतो. त्याच्या घरातल्या निम्म्या वस्तू सहज मिळालेल्या असतात.

वाहनांच्या बाबतीत त्याला मोठाच आधार आहे. डॉ. सालीम अली यांना मोटारसायकलींचे जबरदस्त वेड होते. हार्ले-डेव्हिडसन, डग्लस, स्कॉट, झेनिथ अशा अनेक गाड्या त्यांनी बाळगल्या. १९५० मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाला पक्षिशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा त्यांनी आपली सनबीम मुंबईहून बोटीवर चढवली आणि युरोपभर हिंडत, जर्मनीतल्या दगडी रस्त्यांवर आपटत, ते परिषदेला पोचले. हा गृहस्थ थेट हिंदुस्थानातून गाडी हाकत आला, अशी बातमी तिथे पसरली. आपल्याकडे बीएमडब्ल्यू कधी झाली नाही, याची हळहळ त्यांना राहिली. हा किस्सा प्रत्येक पक्षिनिरीक्षकाला पाठ असतो, आणि जुनी बुलेट घरी आणताना तो तिच्या पावतीइतकाच जपून ठेवलेला असतो. अडचण एवढीच की बुलेटचा आवाज ऐकून कोंडीतले शेकाटे उडून जातात. म्हणून निरीक्षक ती रस्त्यावर उभी करून बांधावरून चालत येतो आणि परतल्यावर पक्ष्यांआधी कार्बोरेटरविषयी बोलतो.

टपाल तिकिटांचा मार्गही असाच वळणाचा. १९७५ मध्ये टपाल खात्याने भारतीय पक्ष्यांची चार तिकिटे काढली. त्यांतले नवरंग आणि हळद्या आपल्याकडे दिसतात. उरलेले दोघे, मोनाल आणि ट्रॅगोपान, हिमालयातले. ते मोरव्याच्या खाजणात यायची शक्यता नाही, पण तिकिटावर ते आधीपासूनच बसलेले असतात. इथून संग्राहक परदेशी तिकिटांकडे जातो, तिथून टपालाच्या शिक्क्यांकडे, तिथून पक्ष्याचे चित्र असलेल्या काड्यापेट्यांकडे. काड्यापेट्यांशी आला की पक्षी सुटतो. पुढे वाघ चालतो, जहाज चालते, नुसती किल्लीही चालते.

सगळ्यांत सभ्य उपछंद मिठाचा. भरतीचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत उन्हाने दाट करायचे, शेवटच्या कोंडीत मिठाचा खडा धरला की ते फळीने ओढून बांधावर रास घालायची. थंडीपासून पहिल्या पावसापर्यंतचे हे काम तो इतक्या वेळा पाहतो की कोंडीकोंडीच्या मिठातला फरक आपल्याला कळतो, अशी त्याची खात्री होते. मग लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, त्यांवर चिठ्ठ्या, तारखा. घरातले मीठ संपलेल्या दिवशी हा संग्रह एका नमुन्याने कमी होतो आणि त्या दिवसाची आमटी त्याला गिळवत नाही.

मिठाशी पक्ष्यांचा संबंध जोडण्यात तो अगदीच चुकीचा आहे, असे मात्र म्हणता येत नाही. साताऱ्यात १८५१ मध्ये जन्मलेला एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हा मुंबई इलाख्याच्या जकात आणि मीठ खात्यातला अधिकारी. ‘ईहा’ या नावाने त्याने घरातल्या पाली, उंदीर, कावळ्यांवर खुसखुशीत लिहिले, आणि डासांच्या एका जातीला त्याचे नाव मिळाले. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, त्यांत हा होता. बाकीच्यांची कुळकथाही तशीच. डॉ. आत्माराम पांडुरंग हे वैद्यक करणारे आणि १८६७ मध्ये प्रार्थना समाज काढणारे. डॉ. सखाराम अर्जुन हेही डॉक्टर, पण जीव वनस्पतींवर. संस्थेचा संग्रह वाढला तेव्हा त्याला जागा दिली एच. एम. फिप्सन या मद्याच्या व्यापाऱ्याने, आपल्या कचेरीत. देशातली एक मोठी निसर्गसंस्था अशी दारूच्या पेढीत वाढली.

हा आजार पक्षीवाल्यांपुरता नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाण्यासाठी ते डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई करत. त्यांनी हजारो प्राचीन नाणी तराजूत घातली आणि वापराने नाणे किती झिजते यावरून ती कोणत्या क्रमाने पाडली गेली, याचा हिशेब मांडला. उरलेल्या वेळात पुण्याच्या टेकड्यांवरून ते अश्मयुगातली दगडी हत्यारे वेचून आणत. दिनकर केळकरांचा व्यवसाय चष्म्यांचा, कविता ‘अज्ञातवासी’ नावाने, आणि पुण्यातल्या त्यांच्या संग्रहालयात अडकित्ते, दिवे, वज्री असे जे जे आहे ते पाहायला एक दिवस पुरत नाही. मोरव्याच्या बांधावरचा माणूस या दोघांची नावे वारंवार घेतो. त्यांनी नाण्यांवर आणि अडकित्त्यांवर जेवढी मेहनत घेतली तेवढी आपण काड्यापेट्यांवर घेतलेली नाही, हे तो सांगत नाही.

एक उपछंद मात्र खरोखर गावाच्या कामाचा आहे. आगरी लग्नात धवलारीण हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गाते. ते बहुतेक तोंडीच चालत आलेले. पक्ष्यांचे आवाज टिपायला आणलेले यंत्र निरीक्षक एखाद्या ओट्यावर ठेवतो. ‘काय रं पोरा, पाखरा सरली काय?’ अशी चौकशी होते, चहा येतो, आणि ‘आजी, एक धवला म्हणा ना’ या विनंतीला पहिल्यांदा नकार मिळतो, तिसऱ्यांदा मिळत नाही. घरी आल्यावर त्या नोंदीत मागे कुठेतरी खंड्या ओरडलेला ऐकू येतो आणि तो सगळे सोडून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकतो.

जागेचा प्रश्न उरतो. भाईंदरच्या दोन खोल्यांत पंचांगे माळ्यावर, बरण्या फ्रिजवर, अंकलिप्या दिवाणात आणि पितळी दुर्बीण देवघराशेजारी, असा तह झालेला असतो. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत तो दरवर्षी मोडतो आणि भाऊबिजेपर्यंत पुन्हा लागू होतो. संग्रहातली कोणतीही वस्तू टाकायला काढली की तिला पक्ष्यांशी जोडणारे कारण तत्काळ सापडते.

आणि पक्षी? जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. भारतात ती १९८७ पासून चालू आहे. त्या दिवशी हाच माणूस पहाटेपासून एका कोंडीवर उभा राहून शेकाटे, तुतवार, बगळे मोजतो, थवा उडाला तर पुन्हा मोजतो, आणि आकडा फुगवत नाही. या भागातल्या जमिनींवर सतत योजना येऊ घातलेल्या असतात. मेट्रो ९ ची कारशेडसुद्धा आधी राई-मुर्धे-मोरव्यात ठरली होती आणि ग्रामस्थांच्या विरोधानंतर डोंगरीकडे हलली. अशा ठिकाणी कोणत्या कोंडीवर कोणत्या वर्षी किती पक्षी होते, हे लिहून ठेवणारा माणूस असलेला बरा. बाकीच्या संग्रहाबद्दल त्याला माफ करायला एवढे पुरेसे आहे.

ज्यांना पक्षी पाहायचे असतील त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारीत, तिथीला पाऊणने गुणून, भरतीच्या आधी अर्धा तास पोचावे. दुर्बीण नसली तरी चालेल. बांधावर बसलेल्या माणसाकडे जादा असते आणि तो आनंदाने देतो. काड्यापेट्यांविषयी मात्र त्याला काही विचारू नये.