कळव्याला कोण विचारणार?

१२ ऑक्टोबर २०२०. सोमवार, सकाळचे दहा वाजून गेलेले. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची लाइट एकदमच गेली.

लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाच्या त्या दिवसांत लोकलने जात होतं कोण? नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगार. ज्यांच्या जिवावर शहर उभं होतं, तेच डब्यातून उड्या टाकून खडीतून चालत निघाले.

विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे गेल्या. सोसायट्यांचे पंप बंद, लिफ्ट बंद. पालिकेने रुग्णालयांना निदान आठ तासांचं डिझेल हाताशी ठेवायला सांगितलं. योग्यच केलं. पण घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असलेल्या आजोबांचं काय? सातव्या मजल्यावर त्यांच्यासाठी डिझेल कोण नेणार होतं?

दुपारपर्यंत बऱ्याच भागांत लाइट आली, काही उपनगरांत रात्र झाली. मग चौकशी समित्या बसल्या. मार्च २०२१मध्ये राज्याचे गृहमंत्री म्हणाले, सायबर घातपाताचा संशय आहे. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, मानवी चूक. चॅनलवाल्यांना चीन सापडला.

कळव्याचं वीज उपकेंद्र राहून गेलं.

विचारायचं तर तिथेच होतं. मुंबईत बाहेरची वीज येण्याची दारं मोजकीच, कळवा त्यातलं मोठं. पडघा-कळवा लाइनचं एक सर्किट दुरुस्तीसाठी बंद होतं. भार दुसऱ्यावर होता, त्यात बिघाड झाला. एवढ्याने देशाची आर्थिक राजधानी आडवी होत असेल, तर हॅकरची गरजच काय?

आणि मुंबईचं स्वतःचं कवच? १९८१पासून या शहराकडे आयलँडिंगची सोय आहे. बाहेरची ग्रिड कोसळली की शहराने स्वतःला तोडून घ्यायचं आणि ट्रॉम्बे, डहाणू, खोपोली, भिवपुरी, भिरा इथल्या घरच्या विजेवर तगायचं. हिशेब सरळ आहे. शहर जितकी वीज ओढतं, तितकी आत तयार व्हायला हवी. ती कमी पडली की फ्रिक्वेन्सी पन्नास हर्ट्झच्या खाली घसरते आणि संच स्वतःला वाचवायला बंद पडतात. एकामागून एक.

त्या सोमवारी हे कवच टिकलं नाही. बाहेरची वीज स्वस्त पडते, म्हणून घरचे संच कमी चालवायचे. रोज थोडे पैसे वाचतात. पण कवच रोज थोडं पातळ होतं, याची नोंद कुणाच्या वहीत होते?

बाहेरची वीज आणणारी खारघर-विक्रोळी लाइन २०२३मध्ये सुरू झाली. कागदावर ती १२ ऑक्टोबरच्या कितीतरी आधीपासून होती. जागा नाही, परवानगी नाही, घाई नाही. शहर बंद पडलं, तेव्हा घाई आली.

शेतकऱ्याला यातलं काही नवीन वाटणार नाही. २०२०मध्ये शेतीपंपाला वीज पाळीने मिळायची: दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा. रात्रीची पाळी आली की हातात बॅटरी, पायाखाली साप. पाणी धरायला जायचं आणि स्टार्टर दाबला की कळायचं, ट्रान्सफॉर्मर, म्हणजे डीपी, जळालाय. नवा डीपी कधी? वायरमनलाही माहीत नसतं. त्या अंधारावर कधी समिती बसल्याचं ऐकलंय?

मुंबईकराने हे ऐकून ओशाळायचं कारण नाही. त्याने शेतकऱ्याच्या बरोबरीने जाब मागावा. दोघांचीही वीज नको त्या वेळी जाते आणि कारण कुणी सांगत नाही.

मागणी साधी आहे. रविवारचा मेगाब्लॉक रेल्वे आधी जाहीर करते: कुठून कुठे, किती ते किती. तसंच आयलँडिंगची चाचणी कधी घेतली, घरचे किती संच चालू होते, कवच टिकलं की नाही, हे दर वर्षी छापा. आणि कोणत्या तालुक्यात किती डीपी जळाले, किती दिवसांत बदलले, तेही त्याच पानावर छापा.