बारीक धार

आमच्या धारवाडच्या घरात गच्चीवरची टाकी आणि शॉवर यांच्यात जेमतेम दहा फुटांचं अंतर. एक बार दाब हवा तर पाणी दहा मीटर उंचीवर लागतं. आमच्या वाट्याला त्याचा तिसरा हिस्सासुद्धा येत नाही. म्हणून बूस्टर पंप बसवला. पहिल्या दिवशी शॉवरखाली उभं राहिल्यावर पावसाळी आंबोलीत आल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी आई आंघोळीला गेली आणि पंप बंद पडला.

प्लंबर आला. हवा धरली असेल म्हणून त्यानं पाइपातली हवा काढली. पंप सुरू झाला, प्लंबर फाटकाबाहेर पडला, पंप बंद. पुन्हा बोलावल्यावर त्याने आईला नळ सोडायला सांगितला, धार पाहिली आणि हसला. पंपाला म्हणे धारेवर नजर ठेवणारा एक स्विच असतो. मिनिटाला लिटर-दीड लिटरच्या खाली पाणी वाहू लागलं की त्याला वाटतं, नळ बंद झाला. मग तो मोटार थांबवतो.

आता आईची धार म्हणजे सुतळीएवढी. त्यात तिचा काय दोष? आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात तिचा संसार झाला. रात्री दोन वाजता गल्लीत “नीर बंदाव री!”, म्हणजे पाणी आलं हो, अशी हाक आली की हंडे, कळशा, पिंपं आणि शेवटी कुकरसुद्धा भरायचा. 2008च्या सुमारास इथल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याची योजना आली, तेव्हा आमची गल्ली काही त्यात नव्हती. आणि हे पाणी येतं कुठून, तर सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणातून. जलाशयाचं नाव रेणुकासागर. पुराणातली रेणुका म्हणे नदीकाठच्या ओल्या वाळूची घागर घडवायची, सर्पाची चुंबळ करायची आणि त्या घागरीतून पाणी आणायची. मन जरा ढळलं, घागर फुटली. त्या मानाने आमचा पंप मवाळ. तो नुसता रुसतो.

यावर तोडगा बायकोने काढला. आई आंघोळीला गेली की बेसिनचा नळही सोडायचा, खाली बादली ठेवून. दोन धारा मिळून पंपाला पटतं की घरात पाणी चाललंय.

“अहो, बेसिन सोडलंत का?” हा आता आमच्या घरातला सकाळचा पहिला संवाद. काटकसरीची धार टिकावी म्हणून शेजारी उधळपट्टीची धार सोडायची, हे आईला मुळीच मान्य नव्हतं. चार दिवस तिने ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी आतून हाक आली, “अरे, ती बेसिनखालची बादली भरली असेल तर आत दे. आणि माळ्यावरचा तो पितळी तांब्याही.”

तेव्हापासून आईच्या आंघोळीला पंप चालतो तो फक्त बादली भरेपर्यंत.